दुपारवालीचा आवाज

रेडिओ केंद्रात तिला सगळे दुपारवाली म्हणत. लोकांची जेवणं आटोपली की पुढचा एक तास तिचा. त्या तासात ती गोष्टी सांगायची, श्रोत्यांचे फोन घ्यायची, मधूनमधून गाणी लावायची, आणि कुणाच्या दुधात पाल पडली इथपासून कुणाची लेक परदेशी निघाली इथपर्यंत जे कानावर येईल त्यावर बोलायची. शहाणी माणसं या कार्यक्रमाला वायफळ बडबड म्हणत आणि न चुकता ऐकत.

खरं सांगायचं तर बोलणं हा तिचा प्रांतच नव्हता. माहेरी बहिणी ढीगभर, त्यात ही मधली. थोरलीला मान, धाकटीला लाड, आणि मधलीच्या वाट्याला "तू गप्प बस गं." सासरी आली तर सासूबाई बोलक्या, नवरा त्यांच्यापेक्षा बोलका, आणि पुढे मुलं झाली ती आजीच्या वळणावर गेली. त्या घरात प्रत्येकाला आपलं वाक्य पुरं करायची मुभा होती, फक्त हिला नव्हती. केंद्रात ती टंकलेखनाला लागली होती. एकदा दुपारची निवेदिका बाळंतपणाला गेली, तिच्या जागेवरचीला ताप आला, आणि तेव्हाच्या केंद्रप्रमुखांनी समोर दिसली ती बाई उचलून माइकपुढे बसवली. माइक मध्येच बोलत नाही, हे तिच्या लक्षात आलं मात्र, आणि तिचं तोंड जे उघडलं ते उघडलंच. तासभर आपलं बोलणं कुणी तोडत नाही हे सुख तिनं आयुष्यात पहिल्यांदा चाखलं होतं. ते सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

कुणी तोडत नाही म्हटलं खरं, पण एक माणूस होता.

केंद्राची जुनी इमारत म्हणजे मूळची वखार. आत फळ्या ठोकून खोल्या पाडलेल्या. स्टुडिओला जाड पडदे होते, खाली सतरंजी होती, पण बातम्यांच्या खोलीकडची भिंत नुसती प्लायवूडची. त्या भिंतीपलीकडे भाषांतरकार बसायचे. मुख्यालयातून फोनच्या तारेवर बातम्या सांगितल्या जायच्या, त्या हेडफोन लावून ऐकायच्या, आपल्या भाषेत उतरवायच्या आणि वृत्तनिवेदकाच्या हातात द्यायच्या, हे त्यांचं काम. तोंडावर त्यांना सगळे काका म्हणत आणि पाठीमागे कारलं. हाक मारली तर ओ देणार नाहीत, कुणी बोलायला आलं तर मान वर करणार नाहीत, आणि एखाद्यानं तेच पुन्हा विचारलं तर अंगावर धावून जाणार. कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच, असं म्हणून लोकांनी त्यांचा नाद सोडला होता.

ती रंगात येऊन बोलत असली की पलीकडून भिंतीवर ठक् ठक् व्हायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा ती इतकी दचकली की गोष्टीतल्या राजाचं नाव विसरली. काकांच्या कामात आपल्या बडबडीचा व्यत्यय येतोय, हे उघडच होतं. तिनं आवाज खाली आणला आणि तोंड माइकच्या जवळ नेलं. काचेपलीकडे बसणाऱ्या तंत्रज्ञानं कुरकुरत त्याचं बटण वर सरकवलं. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा ठक् ठक्. तिनं आवाज आणखी खाली आणला. वर्षं जात होती तसं ते ठोकणं वाढतच गेलं, आणि माइकच्या जाळीला तिचे ओठ टेकायचेच काय ते बाकी राहिले. गोष्टीचा शेवट आला की तिचा जीव मुठीत असायचा, कारण नेमकं तेव्हाच ठोकणं जोरात व्हायचं.

आणि गंमत अशी की तोच आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. "बाई शेजारी बसून कानात सांगतात," असं फोनवर लोक म्हणायचे. अंथरुणाला खिळलेले, एकटेदुकटे, शिवणयंत्रावर दिवस काढणाऱ्या बायका, सगळे त्या आवाजाला सोकावले. खुद्द सासूबाई, ज्यांनी सुनेची भाजीसुद्धा कधी वाखाणली नव्हती, रेडिओ उशाशी घेऊन तिच्या आवाजावर डुलकी काढायच्या. "तू बोलायला लागलीस की छान झोप लागते," असं त्यांनी एकदा सांगितलं. सासूच्या तोंडची एवढी स्तुती म्हणजे सुनेनं ती जपून ठेवायची असते, अर्थ काढत बसायचं नसतं. आपल्या गळ्यात देवानं काहीतरी ठेवलंय, असं दुपारवालीला वाटू लागलं. काकांच्या नावानं मात्र ती रोज बोटं मोडायची.

मग नवी इमारत झाली. स्टुडिओचं दार फ्रिजच्या दारासारखं जाड, भिंतींना स्पंज, टेबलाच्या अलीकडे निवेदकाची खुर्ची, पलीकडे पाहुण्याची, पाहुण्यासाठी वेगळा हेडफोन आणि त्याचा आवाज कमीजास्त करायचं वेगळं बटण. बातमी विभाग गेला थेट वरच्या मजल्यावर. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून तिनं त्या दिवशी सगळ्यांना स्वतःहून चहा पाजला. मग खुर्चीत ऐसपैस बसली आणि इतक्या वर्षांत प्रथमच गळा मोकळा सोडून बोलली.

पहिला फोन आला तो, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" दुसरा आला, "कुणावर चिडलात का?" तिसऱ्यानं सरळ विचारलं, "दुपारच्या वेळी एवढं ओरडता कशाला?" घरी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आज तू बातम्या वाचल्यास का? मी बंद केला बाई रेडिओ."

तिला वाटलं, सवय होईल लोकांना. लोकांना सवय झाली ती दुसरं केंद्र लावायची. फोन घटले, मग दिवसदिवस एखादाच यायला लागला, तोही चुकीच्या क्रमांकावर लागलेला. नव्या केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. ते गोड बोलणारे होते, त्यामुळे ती आधीच धास्तावली. "या महिनाअखेरपर्यंत बघू," ते म्हणाले. "नाहीतर त्या वेळात सलग गाणी लावू, ती यंत्रच लावतं. तुम्ही जुन्या ध्वनिफितींचं बघा. तिथे कशी शांतता आहे!" शांतता! ती तर तिनं माहेरीही भोगली होती आणि सासरीही. तो एक तास गेला तर आपलं बोलणं ऐकणारं जगात कुणी उरणार नाही. जिन्यात उभी राहून ती चक्क रडली.

मग उपाय सुरू झाले. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून सांगितलं की असा ठणठणीत घसा त्यांच्या बघण्यात नाही. तंत्रज्ञानं यंत्रावर काहीबाही फिरवलं, तेव्हा ती विहिरीतून बोलतेय असं वाटायला लागलं. जुन्या इमारतीतला माइक आणवला, काही फरक नाही. शेवटी ती मुद्दाम हळू बोलली, तर ते सोंग लगेच उघडं पडलं. सासूबाई म्हणाल्या, "काही हवंय का तुला? सरळ माग की, लाडीगोडी कशाला?"

एका सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना सर्दीखोकल्यानं बेजार केलं होतं. खोकून खोकून दमल्यावर त्यांचा कुठे डोळा लागला आणि नेमका तेव्हाच धाकट्या बहिणीचा फोन आला. ही फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लोटलं, आणि फोन तोंडाशी धरून बोलायला लागली. घरचं, दारचं, केंद्रप्रमुखांचं.

"थांब थांब," बहीण मध्येच म्हणाली. "परत बोल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. अगं, हाच तो तुझा आवाज! कुठे दडवून ठेवला होतास एवढे दिवस?"

"ओरडू नकोस, आत सासूबाई झोपल्यात," असं म्हणता म्हणता ती मटकन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसली. भिंतीपलीकडे कुणीतरी असावं, आणि त्याला त्रास होईल म्हणून आपला जीव धास्तावलेला असावा, तरच हा आवाज येतो. जुन्या इमारतीत भिंतीपलीकडे कोण होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ज्याला ती देवाची देणगी समजत होती, ती कारल्याची देणगी निघाली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. दुसऱ्या दिवशी ती वरच्या मजल्यावर गेली.

"काका, एक काम होतं." काकांचं पेन थांबलं नाही. "काका, एक विनंती होती." तरीही नाही. ती टेबलाच्या पुढ्यात जाऊन जवळजवळ ओरडली, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि खेकसले, "काय आहे?"

"माझ्या कार्यक्रमाच्या वेळी खाली येऊन स्टुडिओत बसाल का?"

"कशाला?"

"तुम्ही भिंत ठोकायचात, म्हणून मी हळू बोलायची. आता ठोकणारं कुणी नाही. मी मोठ्यानं बोलते, आणि लोकांना ते आवडत नाही. महिनाअखेर माझा कार्यक्रम जाणार."

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हळू बोला म्हणून मी ठोकायचो, असं कोण म्हणालं?"

"म्हणजे?"

"मोठ्यानं बोला म्हणून ठोकायचो. गोष्ट सुरू बरी करायच्या तुम्ही, आणि शेवट आला की पुटपुटायला लागायच्या. त्या म्हातारीची घागर विहिरीत पडली होती, ती निघाली की नाही हे मला अजून माहीत नाही."

"पण तुमचं काम..."

"मुख्यालयाची तार तुमचा कार्यक्रम संपल्यावर सुरू व्हायची. तोवर मला काय काम? भिंतीला कान लावून बसायचो."

ती हसेल असं कुणालाही वाटेल. ती संतापली. "अहो मग तोंड नव्हतं का तुम्हाला? येऊन सांगायचं! इतकी वर्षं मी मेल्या मनानं बोलतेय! आणि रेडिओ? रेडिओ लावायला काय झालं होतं?"

"कसा लावणार?" काका पण चढ्या आवाजात म्हणाले. "असली बडबड मी ऐकत नाही, असं अख्ख्या केंद्राला सांगून बसलो होतो ना!"

आता आसपासची माणसं बघायला लागली होती. ती तरातरा दारापर्यंत गेली आणि तिथून परत आली. "घागर निघाली," ती म्हणाली. "पण तिच्यात पाणी नव्हतं, कासव होतं." काकांना ते नीट कळलं नसावं, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. मग कारलं हसलं. बातमी विभागातल्या लोकांनी हे दृश्य पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काका खाली आले. तोंड असं की जणू कुणी धरून आणलंय. पाहुण्याच्या खुर्चीत बसले, हेडफोन चढवला, आणि बटण फिरवलं ते शेवटपर्यंत. दुपारवालीचा आदल्या दिवशीचा राग अजून उतरला नव्हता, आणि भीती तर आता कसलीच उरली नव्हती. लाल दिवा लागला तशी तिनं खणखणीत आवाजात "नमस्कार मंडळी" म्हटलं. काका खुर्चीतून उडाले. दोन्ही हात कानांवर गेले आणि चेहरा आक्रसला. तिनं जीभ चावली आणि आवाज खाली आणला. चेहरा तसाच. आणखी खाली आणला, तोंड माइकशी नेलं, तेव्हा कुठे त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. काचेपलीकडे तंत्रज्ञानं जुन्या सवयीनं आपलं बटण वर सरकवलं. तासभर ती त्या चेहऱ्याकडे बघत बोलली. आठी दिसली की आवाज खाली, आठी गेली की गोष्ट पुढे. काका पुढे वाकून एकेक शब्द टिपत होते. कार्यक्रम संपता संपता एक फोन आला. "ताई, कुठे गावाला गेला होतात?"

काका उठून वर गेले. शेवटचं गाणं अजून वाजत होतं. आपण काकांना कसं ऐकू येत होतो ते बघावं म्हणून तिनं त्यांचा हेडफोन उचलून कानाला लावला, आणि दुसऱ्या क्षणी काढून टेबलावर टाकला. कानात दडे बसले. एवढ्या आवाजात तो माणूस गेलं गाणंभर शांतपणे बसला होता, बोटांनी ताल धरून.

ती बटणाकडे बघत राहिली. हाकेला ओ न देणं, तीनदा विचारल्यावर खेकसणं, वर्षागणिक वाढत गेलेलं ते ठोकणं, सगळं तिच्या डोळ्यांपुढे नीट लागलं. तिचा आवाज खाली जात होता हे अर्धं खरं. काकांचे कान मिटत चालले होते हे उरलेलं अर्धं. कानांवरच ज्याची भाकरी, त्या माणसानं हे कुणाजवळ बोलायचं? हेडफोन होता तोवर काम बिनचूक होत होतं. पण ही गोष्ट फुटली असती तर केंद्रानं त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं असतं. इतकी वर्षं आपण या माणसाच्या नावानं बोटं मोडली, याची तिला लाज वाटली. तिनं बटण होतं तिथेच ठेवलं आणि तंत्रज्ञाला बजावलं की याला कुणी हात लावायचा नाही.

काका रोज येऊ लागले. महिनाअखेर फोनची घंटा थांबेना, तेव्हा केंद्रप्रमुखांनी सलग गाण्यांचं यंत्र सकाळकडे सरकवलं. पण त्यांना एक शंका होती. "बातमी विभागाचा माणूस तुमच्या स्टुडिओत रोज काय करतो?"

"त्यांच्याशिवाय मला बोलता येत नाही," ती म्हणाली. दुसरं काही सांगणं शक्यच नव्हतं.

साहेबांच्या भुवया वर गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये त्या वाक्याला पाय फुटले. ते चालत चालत नवऱ्यापर्यंत गेलं. त्यानं जेवताना तोंड वाकडं करून विचारलं, "काय, कारल्याशी सूत जमलं म्हणे?" ती उत्तर देणार तोच नेहमीप्रमाणे सासूबाईंनी तिचं बोलणं तोडलं. पहिल्यांदाच ते तिला आवडलं. "माझी दुपारची झोप परत आली," त्या मुलाला म्हणाल्या. "तिथे कारलं बसू दे नाहीतर भोपळा. तू जेव."

काकांशी ती या विषयावर कधी बोलली नाही. त्यांच्यासमोर उभी राहून, तोंड दिसेल असं बोलायची, एवढंच. एकदा काका जाता जाता थांबले. "बाई, तुम्हाला कळलंय ना?"

"काय?"

"काही नाही," म्हणाले आणि गेले.

यथावकाश काका निवृत्त झाले. निरोपाची भाषणं झाली. त्यातलं एक अक्षर त्यांना ऐकू आलं नसणार, पण बाकीचे टाळ्या वाजवताना बघून तेही वाजवत होते. शेवटी तर त्यांनी स्वतःच्या स्तुतीलाही टाळ्या वाजवल्या, आणि लोक खदखदून हसले. दुपारवाली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी समोरची खुर्ची रिकामी होती. ती दोनदा पाणी प्यायली. आता पुन्हा ते सगळं, गुळण्या, डॉक्टर, ध्वनिफितींची खोली. लाल दिवा लागला. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघून तोंड उघडलं, आणि आवाज आला. तोच, जवळचा, कानाशी बसल्यासारखा. कुणाच्या आठीची वाट न बघता तो खाली गेला आणि तिथे राहिला. तिच्या नकळत तो अंगवळणी पडला होता. तास सरळ पार पडला. फोन आले, लोक नेहमीसारखे बोलले, कुणालाच काही कमी जाणवलं नाही.

तिनं आनंदानं नाचायला हवं होतं. तास आता तिचाच होता, कुणी काढून घेणार नव्हतं. पण तिला फार वाईट वाटलं. माणूस उठून गेला आणि कुणाचं काही अडलं नाही. आपल्या बाबतीत असं होऊ नये म्हणून तिनं काय काय केलं होतं, आणि आज काकांच्या बाबतीत ते तिनंच केलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा तंत्रज्ञ पॅसेजमधल्या फोनचा रिसीव्हर हातात धरून उभा होता. "काका आहेत."

"बाई," पलीकडून काका म्हणाले, "आज काही ऐकता आलं नाही. रेडिओ मोठा केला की सूनबाई येऊन लहान करते, शेजारचे तक्रार करतात म्हणते. तेव्हा विचारावं म्हटलं. जमलं का?"

तिनं तंत्रज्ञाकडे पाठ केली. मग म्हणाली, "नाही हो काका. फार जड गेलं."

"काय? काय म्हणालात?"

"नाही जमलं!"

"ऐकू येत नाहीये, बाई."

तिनं रिसीव्हर तोंडाशी घट्ट धरला आणि ओरडली, "नाही जमलं, काका! तुमच्यावाचून नाही जमलं!" पॅसेजमधली सगळी दारं उघडली. केंद्रप्रमुख चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आले. सगळा कार्यक्रम कानांनी ऐकलेला तंत्रज्ञ तिच्याकडे बघतच राहिला.

"मग उद्यापासून येत जाऊ का?" काकांनी विचारलं. खेकसून नाही. नव्या मास्तरांना वर्गात येऊ का विचारावं, तसं.

"या!" दुपारवाली घशाच्या शिरा ताणून ओरडली.